बाळाची कार सीट गाडीत नीट कशी बसवायची?

मागच्या मे महिन्यात मी मामा झालो. ताई पहिल्या बाळंतपणाला कराडला माहेरी आली होती. दवाखान्यातून बाळाला घरी आणायचं आणि पुढे तीन महिन्यांनी दोघींना पुण्याला सोडायचं, ही दोन्ही कामं माझ्याकडे आली. दाजींनी बेबी सीट ऑनलाइन मागवून थेट आमच्या पत्त्यावर पाठवली होती. "तू इंजिनिअर आहेस ना, मग तूच बसव," असं म्हणून सगळे मोकळे झाले. मी कोड लिहितो, गाडीच्या बेल्टशी माझा काय संबंध? पण हे घरात कोण ऐकणार!

डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी बाबांच्या दहा वर्षं जुन्या हॅचबॅकमध्ये मी ती सीट बसवली. वीसेक मिनिटं लागली. बेल्ट ओढला, बकलचा टक्क आवाज आला, फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, सगळ्यांचे अंगठे आले. मग सहज म्हणून सीट धरून हलवली, तर ती चांगली वीतभर सरकली. मी अजून जोर लावून बेल्ट ओढला, तरी तेच. शेवटी मॅन्युअल उघडलं तेव्हा कळलं की बेल्ट चुकीच्या खाचेतून गेलाय. फोटोत मात्र सगळं एकदम बरोबर दिसत होतं.

त्या रात्री मी जे शिकलो आणि नंतर जे वाचून, करून बघून पक्कं केलं, ते या लेखात आहे. नवजात बाळापासून साधारण सव्वा वर्षापर्यंतच्या बाळासाठी हे लागू पडतं. तुमच्या हातात फोन आहेच, त्याचाही इथे चांगला उपयोग होतो.

मांडीवर का नको, आणि तोंड मागे का?

आमच्या घरातला पहिला प्रश्न आईचा होता. "एवढ्याशा जीवाला बांधून ठेवायचं होय रे? माझ्या मांडीवर सुखात येईल की!" तुमच्याही घरात हे होणार, त्यामुळे उत्तर तयार ठेवा. मी तिला हिशोब करून दाखवला.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. गाडी समोर आदळली आणि तिचं नाक चेपत चेपत साधारण ६० सेंटिमीटरमध्ये ती थांबली, असं धरू. मग वेग कमी होण्याचा सरासरी दर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १६ पट येतो. म्हणजे ४ किलोचं बाळ त्या क्षणी हाताला ६५ किलोचं लागतं. हीसुद्धा सरासरी झाली, धक्क्याच्या शिखरावरचा आकडा यापेक्षा मोठा असतो. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं. ते बेसावध असताना हातात झेलता येईल का, एवढंच आईला विचारलं. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी मांडीचा विषय निघाला नाही. बाळाला पोटाशी बांधायचं कॅरिअर घालून गाडीत बसणं हाही त्यावरचा उपाय नाही. कारण त्यात मोठ्या माणसाचं अंग आणि पुढची सीट यांच्यामध्ये बाळ येतं, आणि मागून दाब देणारं ते अंगच असतं.

आता दिशा. नवजात बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं. मोठ्या माणसात ते सातवा-आठवा हिस्सा असतं. मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात, त्यात बराच भाग कूर्चेचा असतो. पुढे तोंड करून बसवलं तर धडकेत धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं पुढे झेपावतं, सगळा ताण मानेवर येतो. तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे असेल, तर डोकं, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या पाठीवर दाबली जातात आणि जोर पसरतो. यालाच रिअर-फेसिंग म्हणतात. युरोपच्या नव्या नियमात १५ महिन्यांपर्यंत हे सक्तीचं आहे आणि त्यानंतरही सीटची मर्यादा संपेपर्यंत तसंच ठेवलं तर उत्तम.

याच कारणाने रिअर-फेसिंग सीट पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवायची नाही. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते आणि सरळ बाळाच्या डोक्यामागच्या पाठीवर आदळते. सन वायझरवर खाडाखोड केलेल्या बेबी सीटचं चित्र असतं ना, ते याचसाठी. काही गाड्यांत ती एअरबॅग बंद करायचं किल्लीचं बटण असतं, पण बऱ्याच गाड्यांत नसतं. मागे जागा असताना या फंदात पडायचंच कशाला?

सीट घेताना लेबल वाचा, फोटो नाही

शॉपिंग साइटवर 'कार सीट कम कॅरी कॉट' नावाने जे काही विकलं जातं ते सगळंच कार सीट नसतं. काही नुसते पाळणे असतात. खरी सीट ओळखायची तर तिच्या प्लॅस्टिकवर चिकटवलेलं मान्यतेचं लेबल शोधा. गोलात इंग्रजी 'ई' अक्षर आणि शेजारी एक आकडा असतो. आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा: १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स, ११ म्हणजे ब्रिटन. त्याच लेबलवर आर४४ किंवा आर१२९ लिहिलेलं असतं. भारताचं स्वतःचं मानक एआयएस-०७२ आहे आणि ते आर४४ वर आधारलेलं आहे.

आर४४ मध्ये सीट बाळाच्या वजनावरून ठरते. गट ० म्हणजे १० किलोपर्यंत, ०+ म्हणजे १३ किलोपर्यंत, गट १ म्हणजे ९ ते १८ किलो. आर१२९ हे २०१३ मध्ये आलेलं नवं मानक. त्यात सीट बाळाच्या उंचीवरून ठरते आणि बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी असते. युरोपात सप्टेंबर २०२४ पासून आर४४ च्या नव्या सीट विकायला बंदी आहे. आपल्याकडे अजून त्या मिळतात. दोन्ही परवडत असतील तर आर१२९ घ्या. नसेल परवडत, तर नीट बसवलेली आर४४ ची सीट ढिल्या बसवलेल्या महागड्या सीटपेक्षा कधीही चांगली.

वापरलेली सीट घेताना मी फक्त घरच्या माणसाकडून घेईन, ज्याला ती गाडी कधी ठोकली होती का हे माहीत आहे. अपघातातून गेलेल्या सीटला आतून तडा असू शकतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. सीटच्या तळाला उत्पादनाची तारीख कोरलेली असते, तिचाही फोटो काढून ठेवा. कंपनीने सांगितलेली वर्षं संपली की ती सीट वापरू नये.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी सामानातून आणलेली सीट हा वेगळाच विषय. तिथल्या गाड्यांत बेल्ट पूर्ण बाहेर ओढून सोडला की कटकट आवाज करत तो लॉक होत जातो आणि परत ढिला होत नाही. तिथल्या अनेक सीट या लॉकच्या भरवशावर बसवल्या जातात. आपल्या गाड्यांचा बेल्ट सहसा फक्त झटका बसला तरच लॉक होतो, एरवी मोकळा फिरतो. चार्जर तोच, पण प्लग वेगळा, असं हे प्रकरण आहे. सीटवर स्वतःचा बेल्ट-लॉक नसेल तर ती इथे घट्ट राहत नाही.

आधी गाडी बघा

सीट मागवण्याआधी पाच मिनिटं मागच्या सीटवर बसा आणि फोनचा टॉर्च लावा. बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या फटीत बोट घाला. ६ मिलिमीटर जाडीचे दोन लोखंडी दांडे लागले तर तुमच्या गाडीत आयसोफिक्स आहे. दोन दांड्यांमधलं अंतर ठरलेलं, २८० मिलिमीटर. जगभरच्या कार कंपन्या आणि सीट कंपन्यांनी मिळून मान्य केलेला हा एक पोर्टच आहे म्हणा ना. बहुतेक गाड्यांत तो मागच्या दोन कडेच्या सीटना असतो, मधल्या सीटला नसतो.

सीट कव्हर हा आपल्याकडचा मोठा घोळ. शोरूममधून गाडी निघते आणि तिथूनच लेदरसारखी जाड कव्हरं चढवली जातात. त्यांच्याखाली आयसोफिक्सचे दांडे गाडले जातात, कधीकधी बकलही आत जातं. बाबांच्या गाडीत मागचं एक बकल मला कव्हरखालून अक्षरशः उपसून काढावं लागलं. दहा वर्षांत मागे कुणी बेल्ट लावला नव्हता याचा तो पुरावाच! कव्हर गुळगुळीत असेल तर सीट त्यावर घसरतेसुद्धा. मी ते मागून काढूनच टाकलं.

कुठली जागा निवडायची? मधली जागा दोन्ही दारांपासून लांब, म्हणून कागदावर सर्वांत सुरक्षित. पण छोट्या गाडीत ती अरुंद आणि उंचवट्याची असते आणि जुन्या गाड्यांत तिथे फक्त कमरेचा दोन टोकांचा बेल्ट असतो. बहुतेक बेबी सीटना तीन टोकांचा बेल्ट लागतो. त्यामुळे प्रत्यक्षात मागची डावी जागा बरी पडते. रस्त्याच्या कडेला गाडी लावली की बाळाला फुटपाथच्या बाजूने काढता येतं, आणि पुढची प्रवाशाची सीट थोडी पुढे सरकवून जागाही करता येते. ड्रायव्हरच्या मागे सीट लावली तर उंच माणसाला स्टिअरिंगला चिकटून बसावं लागतं.

सीट कंपनीच्या वेबसाइटवर कोणत्या गाडीत कोणती सीट बसते याची यादी बहुधा असते, ती बघा. नवी गाडी घेणार असाल तर भारत एनकॅपचा रिपोर्ट उघडा. ही चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. लहान मुलांच्या सुरक्षेला त्यात ४९ गुण असतात आणि त्यातले १२ गुण फक्त बेबी सीट गाडीत नीट बसवता येतात का यासाठी. आपण नुसते स्टार बघतो, पण तुम्हाला हवा असलेला आकडा आत लपलेला असतो.

आयसोफिक्स असेल तर

हे सोपं आहे. पुढची सीट सरकवून जागा करा, बेसचे दोन हात बाहेर काढा, दोन्ही दांड्यांवर एकाच वेळी ढकला. दोन टक्क ऐकू आले पाहिजेत आणि दोन्हीकडच्या खिडक्या लाल होत्या त्या हिरव्या झाल्या पाहिजेत. एकच हिरवी झाली तर ते बसलेलं नाही. काढा आणि परत ढकला.

मग तिसरा आधार. नुसत्या दोन दांड्यांवर सीट धडकेत पुढे कलते, म्हणून बेसला एक पाय असतो किंवा वरून एक पट्टा असतो. लहान बाळाच्या सीटना बहुधा पायच असतो. तो गाडीच्या तळाला घट्ट टेकला पाहिजे, पण बेसला वर उचलेल इतका लांब करू नये. तळाखाली सामान ठेवायचा कप्पा असेल तर त्याच्या झाकणावर पाय टेकवायचा नाही. धडकेत झाकण खचलं की पाय लटकला. अशा वेळी गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघावंच लागतं. वरचा पट्टा असेल तर तो गाडीच्या सीटच्या पाठीमागच्या किंवा डिकीतल्या ठरलेल्या हुकालाच लावा. डिकीत सामान बांधायचेही हुक असतात, ते वेगळे. योग्य हुकाजवळ नांगरासारखं चिन्ह असतं.

फक्त बेल्ट असेल तर

आपल्या रस्त्यावरच्या कितीतरी गाड्या या प्रकारात मोडतात आणि चुकाही इथेच जास्त होतात. माझी झाली तीही इथलीच.

दाजींनी पाठवलेली सीट ० ते १८ किलोची, म्हणजे आधी मागे तोंड आणि मोठेपणी पुढे तोंड अशी दोन्हीकडे चालणारी. अशा सीटवर बेल्ट जाण्याचे दोन मार्ग असतात. निळ्या रंगाच्या खुणा रिअर-फेसिंगसाठी, लाल रंगाच्या खुणा पुढे तोंड असतानासाठी. मी बेल्ट लाल मार्गातून घातला होता, कारण ती खाच मोठी होती आणि डोळ्यांना आधी दिसली. एवढंच कारण! निळ्या खुणा सीटच्या पायाकडच्या कडेला, कापडाच्या घडीखाली होत्या.

योग्य पद्धत अशी. बेबी सीट मागे तोंड करून ठेवा आणि गाडीच्या सीटच्या पाठीला नीट भिडवा. गाडीचा बेल्ट भरपूर बाहेर काढा. कमरेचा भाग बाळाच्या पायाकडून, दोन्ही बाजूंच्या निळ्या खाचांमधून न्या आणि बकल लावा. खांद्याचा भाग सीटच्या पाठीमागून, तिथल्या निळ्या खाचेतून फिरवून आणा. हँडलवाल्या छोट्या सीटमध्येही साधारण हाच मार्ग असतो. तरी प्रत्येक सीटचं चित्र वेगळं असतं, त्यामुळे तुमच्या सीटच्या अंगावर चिकटवलेलं चित्र हेच शेवटचं उत्तर. बेल्टला कुठेही पीळ नको. पीळ पडला की रुंद पट्टी दोरीसारखी होते.

आता ताण. इथे ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा. एका हाताने, जमल्यास अंगाचा भार टाकून, बेबी सीट खाली गाडीच्या गादीत दाबा. गादी दबलेली असतानाच आधी कमरेच्या भागातला ढिलेपणा खांद्याच्या भागाकडे ओढा, मग खांद्याचा भाग वर रिट्रॅक्टरकडे ओढून पूर्ण आवळा. सीटवर बेल्ट-लॉकची क्लिप असेल तर ती याच क्षणी बंद करा, हात सोडल्यावर नाही. नुसता वरून बेल्ट ओढत बसलात तर खांद्याचा भाग घट्ट होतो आणि कमरेचा ढिलाच राहतो. मी आधी तेच करत होतो.

दोन अडचणी हमखास येतात. एक म्हणजे बेल्ट पुरतच नाही. रिअर-फेसिंग सीटला पूर्ण वळसा घालायला बराच बेल्ट लागतो आणि काही छोट्या गाड्यांचा मागचा बेल्ट आखूड असतो. याला जुगाड नाही, ती सीट त्या गाडीत बसत नाही. म्हणून परत करायची मुदत असतानाच बसवून बघा, बारशाच्या दिवशी खोका उघडू नका. दुसरी अडचण म्हणजे बकल ज्या पट्टीवर असतं ती लांब असते आणि बकल नेमकं सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर येऊन वाकतं. धडकेत तिथे बकल तुटू किंवा उघडू शकतं. बकल कडेच्या खाली, मोकळं राहिलं पाहिजे. नसेल राहत, तर दुसरी जागा बघा.

शेवटी हलवून बघायची चाचणी. जिथून बेल्ट जातो, आयसोफिक्स असेल तर जिथे दांडे आहेत, तिथेच सीट धरा आणि डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे हलवा. २.५ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीच्या आसपासपेक्षा जास्त हालता कामा नये. डोक्याकडचं टोक धरून हलवलंत तर ते हलणारच, रिअर-फेसिंग सीटमध्ये ते साहजिक आहे. आपला बेल्ट झटक्यालाच लॉक होतो, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर तो हळूहळू ढिला पडू शकतो. मी दर वेळी निघताना ही चाचणी करतो. दहा सेकंदांचं काम आहे.

कोन मोजायला फोन

नवजात बाळाला मान धरता येत नाही. सीट फार उभी झाली तर झोपेत डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. बाळ रडून सांगतही नाही, कारण ते झोपलेलं असतं. सीट फार आडवी केली तर धडकेत बाळ खांद्याकडे सरकायला बघतं. म्हणून नवजात बाळासाठी अनेक कंपन्या ४५ अंशांच्या आसपासचा कोन सांगतात आणि बाळ मोठं झालं की थोडं उभं चालतं.

सीटवर बुडबुड्याची नळी किंवा 'ही रेघ जमिनीला समांतर' अशी खूण असेल तर तीच खरी. नसेल तर फोन. आयफोनच्या मेझर ॲपमध्ये लेव्हल आहे, अँड्रॉइडवर बबल लेव्हलची अनेक फुकट ॲप मिळतात. फोनचं कव्हर काढा. आधी फोन गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवून गाडी समतल जागी आहे का बघा. आमच्या घरासमोरचा रस्ताच उतरता निघाला, मग गाडी शेजारच्या मंगल कार्यालयाच्या आवारात नेली. नंतर फोनची लांब कड बाळाची पाठ जिथे टेकणार त्या भागावर ठेवून आकडा वाचा. ४५ जवळ असेल तर प्रश्न नाही. ३५ दाखवत असेल तर ॲप आडव्या रेषेपासून मोजतंय की उभ्या, हे बघा. एका ॲपचे ३५ दुसऱ्यात ५५ असतात.

कोन चुकत असेल तर सीटच्या तळाचा रिक्लाइनचा खटका आधी वापरा. खाली टॉवेलची गुंडाळी सरकवायची युक्ती मॅन्युअलमध्ये चालेल म्हटलं असेल तरच करा.

बाळाला बसवताना

सगळं घट्ट झालं आणि आईने बाळाला टोपरं, झबलं आणि वरून दुपट्यात घट्ट गुंडाळून आणलं. त्या पोटलीला पट्टे लावायचे कुठून? पायांच्या मधला पट्टा यायलाच जागा नाही. शिवाय जाड कापड पट्ट्यांखाली असलं तर धडकेत ते दबतं आणि पट्टे अचानक ढिले होतात. म्हणून बाळाला पातळ झबल्यात बसवा, आधी पट्टे लावा, आणि दुपटं नंतर वरून पांघरा. आईला हे लगेच पटलं. थंडी वाजणार नाही ना, एवढीच तिची काळजी होती.

रिअर-फेसिंगमध्ये खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीत किंवा जरा खालून निघायला हवेत. बकल लावून पट्टे आवळा आणि खांद्याच्या हाडाजवळ पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर अजून ढिला आहे. बोटं घसरली की बरोबर. अमेरिकन सीटवर छातीला एक क्लिप असते, ती काखेच्या पातळीत हवी. आपल्याकडच्या सीटना ती सहसा नसते. डोक्याशेजारी घालायच्या उशा, पट्ट्यांवरची मऊ कव्हरं असं काही वेगळं विकत घेऊन लावू नका, सीटसोबत आलं असेल तेवढंच वापरा.

बाळ दिवसांआधी जन्मलं असेल किंवा वजन कमी असेल, तर सीटमध्ये अर्धवट बसलेल्या अवस्थेत त्याचा श्वास नीट चालतो का, हे डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांना विचारा.

रस्त्यावर

कराड ते पुणे प्रवासात आम्ही साताऱ्याजवळ आणि खंबाटकी उतरल्यावर असे दोनदा थांबलो. दर दोन तासांच्या आत बाळाला सीटमधून काढून आडवं करायचं, हा नियम पाळा. ताई मागे शेजारी बसली होती. बाळ भुकेने रडायला लागलं तेव्हा चालत्या गाडीत पट्टे सोडून अंगावर पाजायचा मोह तिला झालाच. मी गाडी ढाब्याच्या आवारात घेतली, वीस मिनिटं गेली, काय बिघडलं? घरी पोचल्यावर झोपलेल्या बाळाला सीटमध्येच ठेवून देऊ नका, सपाट अंथरुणावर काढा.

मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतलं लोखंडी बकल चटका देतं. निघण्यापूर्वी हात लावून बघा, गाडी उभी असताना सीटवर पांढरं फडकं टाकून ठेवा. आणि बंद गाडीत बाळाला दोन मिनिटांसाठीही सोडायचं नाही, दूध आणायलासुद्धा नाही.

कायद्याचं सांगायचं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४बी प्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे.

कॅबमध्ये बेल्टवर बसणारी हँडलवाली सीट नेता येते, फक्त मागचा बेल्ट आणि बकल पांढऱ्या कव्हराखाली दडलेलं असतं. ड्रायव्हरकाकांना बुकिंग झाल्या झाल्या फोन करून ते वर काढून ठेवायला सांगा, पाच मिनिटं जास्त थांबायची विनंती करा. बहुतेक जण हसत हसत मदत करतात. रिक्षात बेल्टच नसतो, तिथे ही सीट लावता येत नाही. दुचाकीसाठी हार्नेस आणि ताशी ४० किलोमीटरच्या मर्यादेचा नियम ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान बाळाला स्कूटरवर न्यायचा विचारच नको.

ही सीट कधीपर्यंत?

वजनाची किंवा उंचीची मर्यादा, जी आधी गाठेल ती. आणि त्याआधीही डोक्याकडे लक्ष ठेवा. बाळाचा माथा आणि सीटच्या कवचाची वरची कड यांत २.५ सेंटिमीटरपेक्षा कमी जागा उरली की मोठी रिअर-फेसिंग सीट घ्यायची. पाय गाडीच्या सीटला टेकतात, दुमडतात, म्हणून घाईने पुढे तोंड फिरवू नका. बाळं मांडी घालून मजेत बसतात. गाडीला जोराची धडक बसली असेल तर सीट वरून चांगली दिसली तरी बदला आणि विम्याच्या दाव्यात तिचं बिल जोडता येतं का ते विचारा.

भाचीच्या डोक्यावर अजून चार बोटं जागा आहे. दिवाळीत आली की परत मोजेन.